बोरघाटांतील विलायती मालमोटारी

तर्कशास्त्राच्या पहिल्याच पाठांत विद्यार्थ्यास गाय ओळखावयास शिकवितात. ज्यास शिंगें आहेत तो प्राणी गाय, असें म्हटलें तर म्हैसही गाय ठरते, ही अतिव्याप्ति. कपिल वर्णाची ती गाय, असें म्हटलें तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ति. जिच्या पायास अखंड खूर ती गाय, असें म्हटलें तर एकही गाय हातीं लागत नाहीं, हा असंभव. हे तिन्ही दोष टाळून, गळ्याखालीं लोंबणारी पोळी हें गाईचें लक्षण शास्त्रकारांनीं मुक्रर केलें. मुंबई-पुण्याच्या जुन्या सडकेवर गेल्या शतकांत ज्या विलायती मालमोटारी धांवल्या, त्यांची जात ओळखण्याच्या कामीं मला हाच पाठ सर्वांत उपयोगी पडला आहे. संस्कृत शिकविण्यांत आयुष्य घालविलेल्या माणसानें मालमोटारींच्या नादीं लागावें हें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु लोणावळ्यास ज्याचें बाळपण गेलें, त्याच्या कानांत सकाळच्या आरतीबरोबर घाट चढून आलेल्या लॉरीची धांपही भरलेली असते, त्यास इलाज नाहीं.

खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंतची गाडीवाट सर जॉन माल्कम या गव्हर्नराच्या कारकीर्दींत १८३० सालीं खुली झाली. आगगाडी तोच घाट १८६३ सालीं चढली. लोणावळें समुद्रसपाटीपासून सुमारें दोन हजार फूट उंच, आणि खोपोली जवळजवळ पायथ्याशींच. तेव्हां ही सारी उंची थोड्या मैलांत चढावी लागे. १९६८-७० च्या सुमारास आम्ही मुलें खंडाळ्याच्या वळणावर उभीं राहून येणाऱ्या गाड्या मोजीत असूं. वाफ सोडणारा रेडिएटर, पहिल्या गिअरांतील कण्हणें, आणि गाडीच्या मागून हातांत धोंडा घेऊन पायीं चालणारा क्लीनर, हें दृश्य तेव्हां नित्याचें होतें. गाडी थबकली रे थबकली कीं त्यानें तो धोंडा मागच्या चाकाखालीं सारावयाचा; त्यांत क्षणाचा विलंब झाला तर गाडी, माल आणि माणसें दरींत. या क्लीनराचा आमच्या लोकांनीं ‘किन्नर’ करून टाकला होता. संस्कृतांत किन्नर हे देवांचे गायक. ‘किं नरः’, हा नर तरी आहे काय, अशी त्या शब्दाची फोड करतात. तेलानें आणि काजळीनें माखलेला तो पोरगा पाहिल्यावर ही व्युत्पत्ति मला तरी अगदींच गैरलागू वाटत नसे.

घाटांत शिंगरोबाचें देऊळ आहे. रेल्वेच्या साहेबांस घाटाची वाट दाखविणारा धनगर तो शिंगरोबा, अशी आख्यायिका आहे. चालक तेथें गाडीचा वेग कमी करून पैसा टाकीत. ज्या गिअरांत चढ चढावा त्याच गिअरांत तो उतरावा, हा दुसरा नियम; आणि देवापेक्षां या नियमाचा आधार अधिक, असें जुने चालक हळूच सांगत.

आतां ओळखण्याचा प्रश्न. तो केवळ हौसेचा नव्हता. खंडाळ्यावर अडकून पडलेल्या गाडीचा मालक पुण्यास सुटा भाग आणावयास माणूस पाठवी. दुकानदार विचारी, “गाडी कोणती? कुठल्या सालची? कुठल्या जातीची?” माणूस सांगे, “बेडफर्ड.” एवढ्यावर मिळालेला ब्रेकचा पंप घेऊन तो दुसऱ्या दिवशीं परत येई, आणि मग कळे कीं ही बेडफर्ड त्या बेडफर्डीहून निराळी. तोंवर हौद्यांतील टोमॅटोंचा रस सडकेवर गळूं लागलेला असे.

विलायतेंत ही अडचण मुळांत कमी; तेथें बहुतेक गाडी केबिनीसकट कारखान्यांतून बाहेर पडे. आमच्याकडे मात्र विकत मिळे ती प्रायः चासी. म्हणजे चाकें, कमानपाटे, यंत्र आणि पुढचें नाक. केबिन, हौदा, फाळका, सारें इकडचा सुतार लांकडांत घडवी, आणि रंगारी त्यावर कमळें, मोर आणि मालकाच्या कुलदैवताचें नांव काढी. म्हणून हौद्यावरून गाडी ओळखावयास जाणें ही शुद्ध अतिव्याप्ति; एकाच सुतारानें लेलँडवर, डॉजवर आणि टाटाच्या गाडीवर तोच हौदा चढविलेला असे. रंगावरून ओळखावें तर अव्याप्ति. विलायतेंतही केबिन सर्वस्वीं विश्वासाची नव्हतीच. ब्रिग्ज नांवाच्या कारखान्यानें एकच केबिन लेलँडच्या कॉमेटला, डॉजला आणि फोर्डच्या थेम्सला, अशी तिघांसही पुरविली होती. निराळें होतें तें नाक तेवढें. तेव्हां गाईची पोळी तशी मालमोटारीचें नाक, असें धरून चालावें. त्याच्या जोडीला पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचें अंतर आणि यंत्रावरील आंकडा, हीं दोन उपलक्षणें.

विलायतेंतील कंपन्यांची नामकरणाची रीत मोठी मौजेची आहे. लेलँड हें लँकेशायर परगण्यांतील एक गांव. १८९६ सालीं वाफेच्या गाड्या करण्यासाठीं तेथें जी मंडळी निघाली, तिनें १९०७ सालीं लेलँड मोटर्स हें नांव घेतलें, आणि पुढें आपल्या गाड्यांस जनावरांचीं नांवें द्यावयास आरंभ केला. चार चाकांची बीव्हर, सहा चाकांची हिप्पो म्हणजे पाणघोडा, आणि आठ चाकांची ऑक्टोपस. (जोडचाक येथें एकच धरावयाचें.) ऑक्टोपस म्हणजे अष्टपाद, नांवांतच चाकांची संख्या सांगून टाकली. साउथॉलच्या ए. ई. सी. कंपनीनें अनुप्रासाचा मार्ग धरला. तिच्या मालगाड्या मकारानें आरंभणाऱ्या, मॅमथ, मॉनर्क, मॅटॅडोर, मर्क्युरी. आणि उतारूंच्या गाड्या रकारानें, रीजेंट, रीगल, रिलायन्स. ई. आर. एफ. नांवाची कंपनी तर सूत्रकारच म्हणावी. तिच्या गाडीवर ‘५४ जी’ असें असलें तर पांच सिलिंडर, चार चाकें आणि गार्डनर कंपनीचें यंत्र, इतका अर्थ त्या तीन अक्षरांत भरलेला. अर्धी मात्रा वाचली तरी आनंद मानणाऱ्या आमच्या वैयाकरणांस ही कंपनी आवडली असती.

परंतु बोरघाटाचा खरा संबंध आला तो लेलँडच्या कॉमेटशीं. ही १९४७ सालीं विलायतेंत निघाली. मद्रासेजवळच्या एन्नोर येथील अशोक मोटर्स ही कंपनी रघुनंदन सरण यांनीं १९४८ सालीं काढली, ती प्रथम ऑस्टिन गाड्या जुळविण्यासाठीं. १९५० सालीं तिचा लेलँडशीं करार झाला आणि १९५५ सालीं तिचें नांव अशोक लेलँड झालें. तिची कॉमेट पुढें वर्षानुवर्षें हा घाट चढली. कॉमेट म्हणजे धूमकेतु. धूम हाच ज्याचा केतु, म्हणजे ध्वज, तो धूमकेतु, असा हा बहुव्रीहि समास वर्गांत सोडवून दाखवितांना मला आकाशांतील ताऱ्यापेक्षां खंडाळ्याच्या चढावर काळा झेंडा फडकवीत येणारी ती गाडीच अधिक उपयोगी पडे; मुलांना समास तत्काळ समजे. तिच्या नांवापुढील ३५० हा आंकडा म्हणजे यंत्राचें घनफळ, घन इंचांत. आपल्या हिशेबानें सुमारें पावणेसहा लिटर. पुढें यंत्रें वाढलीं तसे ३७० आणि ४०० हे आंकडे आले. म्हणून यंत्रावर आंकडा दिसला तर तो पिढी सांगतो. मात्र यंत्र तेवढें नवें घालून जुनी गाडी वापरण्याची चाल आमच्याकडे सार्वत्रिक असल्यामुळें, यंत्राची पिढी ती गाडीची पिढी असें समजूं नये. बीव्हर आणि हिप्पो हीं नांवेंही एन्नोरच्या गाड्यांवर आलीं, आणि पुढें टस्कर आली. टस्कर म्हणजे दंती, तेव्हां तिच्या रूपानें एक तरी जनावर आपल्या अरण्यांतलें आलें म्हणावयाचें. तेथील हिप्पो पाहून आमचे एक शेजारी तिला अखेरपर्यंत ‘हिप्पी’ म्हणत. तो काळच तसा होता.

टाटांच्या गाड्यांचा घोळ येथें नको. त्या १९५४ पासून जर्मन मर्सिडीज-बेंझच्या सहकार्यानें निघाल्या. विलायतेशीं त्यांचा संबंध नाहीं.

बेडफर्डची गोष्ट लांबची आहे. अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीनें १९२५ सालीं विलायतेंतील व्हॉक्सहॉल कंपनी विकत घेतली, १९२८ सालीं मुंबईस शिवडी येथें गाड्या जुळविण्याचा कारखाना काढला, आणि १९३१ सालीं विलायतेंत बेडफर्ड हें नवें नांव बाजारांत आणलें. कारखाना ल्यूटन गांवीं, तें गांव बेडफर्डशायर परगण्यांत, म्हणून हें नांव. पहिल्या बेडफर्डी शेवरलेसारख्या इतक्या दिसत कीं सख्ख्या बहिणी भासाव्या. १९३९ सालीं ओ मालिका आली आणि लागलीच महायुद्ध सुरू झालें. युद्धकाळांत बेडफर्डनें सुमारें अडीच लाख गाड्या लष्करास पुरविल्या. त्यांतील अक्षरांचा उलगडा झाला कीं पुष्कळ काम होतें. ओ. एक्स. ही आंखूड, चाकांतील अंतर सव्वानऊ फूट; ओ. वाय. ही लांब, अंतर तेरा फूट एक इंच. शेवटीं डी असेल तर उघडा हौदा आणि पाडतां येणारे फाळके. क्यू. एल. ही चारही चाकें ओढणारी, उंच, चालक यंत्राच्या वर बसलेला, क्यू. एल. टी. सैनिकांसाठीं, क्यू. एल. आर. बिनतारी यंत्रासाठीं. युद्धकाळच्या ओ. एक्स. व ओ. वाय. गाड्यांचें नाक सपाट आणि रुंद, जणूं पत्र्याच्या पेटीचें झांकण. हवा गाळण्याचें मोठें पिंप आंत मावावें म्हणून तें तसें केलेलें. उलट नागरी ओ मालिकेचें नाक गोलसर, बैलाच्या मुस्कटासारखें. युद्धानंतर १९५० सालीं चपट्या नाकाची एस, १९५३ सालीं ए, आणि १९५८ सालीं जे. जे गाडीच्या पुढील आंकडा जितका मोठा तितकी ती वजनदार. हिंदुस्थान मोटर्सनें बेडफर्ड नांवानें ज्या गाड्या आपल्याकडे काढल्या त्या या जे घराण्यांतल्या. पाकिस्तानांत आरशांनीं आणि वेलबुट्टीनें मढविलेल्या ज्या मालमोटारी छायाचित्रांत दिसतात, त्यांतही बेडफर्डचें हेंच घराणें ठळक आहे.

शिवडीचा कारखाना १९५४ सालीं बंद झाला. त्याच जनरल मोटर्सनें २००८ सालीं आमच्या मावळांत, तळेगांवाजवळ, नवा कारखाना उघडला. तोही डिसेंबर २०२० मध्यें बंद पडला, आणि पुढें ती जागा ह्युंदाई कंपनीनें घेतली. बेडफर्डच्या मालकिणीनें मावळांत घर केलें खरें, पण तेव्हां बेडफर्ड हें नांव कारखान्यांतील कोणा तरुणाच्या ओठीं असेल असें वाटत नाहीं.

युद्धाच्या गाड्यांत आणखी एक फसवी जात आहे. कॅनडांत विलायती सैन्याच्या नमुन्यावर, उजव्या हातच्या सुकाणूसह, फोर्ड आणि शेवरले यांनीं चार लाखांहून अधिक लष्करी मालमोटारी बांधल्या, व त्यांपैकीं पुष्कळ हिंदुस्थानांत आल्या. सुकाणू उजवीकडे आणि रंग लष्करी, म्हणून लोक त्यांना सर्रास विलायती म्हणत. त्यांच्या उत्तरकालीन केबिनीची पुढची कांच वरच्या बाजूस पुढें झुकलेली असते, कपाळ पुढें काढून बघणाऱ्या माणसासारखी. हें चिन्ह दिसलें कीं विलायत सोडून कॅनडाकडे वळावें.

युद्धकाळांत पेट्रोलची टंचाई झाली तेव्हां कोळशाच्या वायूवर चालणाऱ्या मोटारी निघाल्या. गाडीस लोखंडी भट्टी जोडलेली असे, आणि सपाटीवरही तिची शक्ति कमी पडे; मग चढावर उतारूंनीं खालीं उतरून गाडी ढकलण्याच्या ज्या गोष्टी वडील मंडळी सांगत त्यांत अतिशयोक्ति मानण्याचें कारण नाहीं.

राज्य परिवहनाचा, म्हणजे एस. टी. चा, पहिला फेरा १ जून १९४८ रोजीं पुण्याहून अहमदनगरास गेला. ती गाडी बेडफर्डचीच. आरंभींच्या काळांत एस. टी. कडे दहा निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्या होत्या, आणि त्यांत बेडफर्ड, सेडन, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड व कॉमर या सहा विलायती. पुणें-महाबळेश्वर मार्गावर मॉरिस कमर्शियलच्या चासीवर बांधलेल्या दोन आरामगाड्या होत्या, पडदे, घड्याळ आणि हिरव्या कांचा असलेल्या. एकीचें नांव नीलकमल, दुसरीचें गिर्यारोहिणी. आजच्या गाड्यांस आंकडे असतात, नांवें नसतात. गिर्यारोहिणी हें नांव ज्यानें ठेविलें त्याचा संधि निर्दोष होता, एवढें नमूद करून ठेवतों.

हें सारें ज्ञान कशाच्या उपयोगाचें, असें घरांतील मंडळी मला विचारीत. गेल्या वर्षीं पवन मावळांतील एका गांवाहून माझा एक जुना विद्यार्थी आला. त्यांची पिढीजात भातगिरणी. दोघे भाऊ वांटण्या करावयास बसलेले. गिरणीच्या मागें चाळीस-पन्नास वर्षें एक मालमोटार गंजत पडली होती. भंगारवाल्यानें वजनावर भाव सांगितला होता. थोरला म्हणे, ही वडिलांनीं युद्ध संपल्यावर लष्कराच्या लिलावांत घेतलेली गाडी. आईनें पाटल्या मोडल्या तेव्हां ती आली, ती मोडीत जाऊं देणार नाहीं. धाकटा म्हणे, ती गाडी केव्हांच गेली. ही मागाहून घेतलेली, माझ्या लहानपणीं दारांत आली तेव्हां पेढे वांटले होते, मला स्पष्ट आठवतें. आई नव्वदीपुढची, ओसरीवर बसलेली. तिला डोळ्यांनीं नीटसें दिसत नाहीं. “गुरुजी, तुम्ही काय सांगाल तें दोघांनाही मान्य,” असें म्हणून त्यांनीं मला नेलें.

गाडीची केबिन पुण्याकडच्या सुतारी कामाची होती आणि वाळवीनें निम्मी खाल्लेली. यंत्र पर्किन्सचें, पी ६ जातीचें, आणि त्यावर मद्रासच्या सिम्पसन कारखान्याची पट्टी. पर्किन्सचीं डिझेल यंत्रें मद्रासेस होऊं लागलीं तीं स्वातंत्र्यानंतर; अर्थात् युद्धाच्या गाडींत तें मूळचें असणें असंभव. धाकट्याचा चेहरा खुलला. परंतु मागच्या फाळक्यावर खरवडल्यावर नंबराचें पहिलें अक्षर दिसलें तें ‘बी’. मुंबई राज्याच्या काळीं नंबर त्या अक्षरानें आरंभत. महाराष्ट्र राज्य झाल्यावर ‘एम’ आला. म्हणजे गाडी १९६० पूर्वींची, आणि धाकट्याचा जन्म त्यानंतरचा. मग मी टेप लावून चाकांतील अंतर मोजलें. तेरा फूट एक इंच. बेडफर्डची लांब ओ मालिका, इतकें निश्चित झालें. पण युद्धाची ओ. वाय. आणि नागरी लांब ओ या दोहोंचें अंतर एकच आहे. म्हणजे पुनः अतिव्याप्ति. निर्णय नाकावर आला, आणि नाक तर जागेवर नव्हतें. रेडिएटरापुढें एक चौकोनी जाळी तारेनें बांधलेली.

तेव्हां आई ओसरीवरून म्हणाली, “त्याचं झाकण कोंड्याच्या कोठीवर आहे की.”

आम्ही गिरणींत गेलों. कोठीवर खरेंच एक पत्रा होता. त्यावर पोतीं रचलेलीं. पोतीं काढून तो उजेडांत आणला. सपाट, रुंद, पुढच्या बाजूस किंचित् उतरता, आणि रंगाच्या तीन थरांखालीं लष्करी हिरवा. गाडीच्या कडेवरील बिजागरींच्या भोकांवर धरून पाहिला, भोकें जुळलीं. युद्धाची ओ. वाय. यंत्र मागाहून बदललें, केबिन त्याच वेळीं नवी केली, आणि नवें यंत्र बसवितांना जुनें झांकण मिटेना म्हणून काढून टाकलें. पेढे वांटले ते या नव्या यंत्राचे. धाकट्याची आठवणही खरी होती आणि थोरल्याचीही. आईनें पत्रा हातानें चांचपून पाहिला, आणि त्याच्या एका कोपऱ्यांतील पोंचा दाखवून तो खंडाळ्यास कोणत्या सालीं पडला तें सांगितलें. धाकट्यानें भंगारवाल्यास त्याच दिवशीं निरोप धाडला कीं येऊं नको.

पुढचा प्रश्न माझ्या शक्तीबाहेरचा आहे. जुन्या वाहनांस विशेष नंबर देण्याचे केंद्र सरकारचे नियम जुलै २०२१ मध्यें निघाले. पन्नास वर्षांपूर्वींच्या वाहनास ‘व्ही. ए.’ अक्षरांचा नंबर मिळतो. पण त्यांत दुचाकी आणि उतारूंच्या चारचाकी तेवढ्या येतात. मालमोटारीस जागा नाहीं. शिवाय वाहन मूळ रूपांत असावें अशी अट. ज्या गाडीचें यंत्र मद्रासचें, केबिन पुण्याची, चासी ल्यूटनची आणि झांकण कोंड्याच्या कोठीवर, तिचें मूळ रूप कोणतें म्हणावयाचें? राजेरजवाड्यांच्या मोटारी तबेल्यांत उभ्या राहिल्या म्हणून मूळ रूपांत टिकल्या; मालमोटारीनें काम केलें, म्हणून तिचें रूप बदललें. विलायतेंत लेलँड गांवींच १९८३ पासून व्यापारी वाहनांचें संग्रहालय आहे. आपल्याकडे हरियाणांत तावडू येथें २०१३ सालीं वाहनांचें संग्रहालय उघडलें. पण पवन मावळांतून तेथवर ही गाडी न्यावयाची तर दुसऱ्या मालमोटारीवर लादून न्यावी लागेल, आणि त्याचें भाडें भंगाराच्या किमतीपेक्षां अधिक.

तूर्त दोघा भावांनीं तिच्यावर पावसाळ्यापूर्वीं चार पत्रे घालण्याचें ठरविलें आहे. खर्च निम्मा निम्मा. पत्र्याची उतरण कोणाच्या हिश्शाकडे काढावयाची, यावर मात्र मी निघालों तोंवर त्यांचें बोलणें चाललेंच होतें.